आजीचं अर्धं तिकीट

नव्या कंपनीत रुजू झालं की पहिल्या आठवड्यात लॅपटॉप मिळतो, गळ्यात अडकवायचं कार्ड मिळतं आणि 'कोडिंग स्टँडर्ड' नावाची एक पीडीएफ मेलवर येते. पीडीएफ कोणी उघडत नाही. ती लिहिणारा माणूस केव्हाच कॅनडाला गेलेला असतो, पहिल्या पानावर 'ड्राफ्ट' हा शिक्का तसाच असतो आणि अनुक्रमणिकेतलं सातवं प्रकरण आत शोधून सापडत नाही. तरी तिचा दरारा मोठा. कारण ऑफिसात कोणाचं कोणाशी वाजलं की त्याच दुपारी ती उघडली जाते, आणि "कलम चार-दोन वाच जरा" अशी कमेंट समोरच्याच्या कोडवर येऊन पडते.

कलम चार-दोन बहुधा महिरपी कंसाचं असतं. इफ लिहिल्यावर महिरपी कंस त्याच ओळीत उघडायचा की खालच्या ओळीवर, हा प्रश्न. वाकडच्या सिग्नलला रोज जेवढे मनुष्यतास जळतात, त्याच्या खालोखाल ते या प्रश्नावर जळत असावेत. त्याच ओळीवाले स्वतःला काटकसरी समजतात आणि खालच्या ओळीवाल्यांना उधळे. खालच्या ओळीवाले स्वतःला नीटनेटके समजतात आणि समोरच्यांना गबाळे. कोड दोघांचाही सारखाच चालतो. कंपायलरला कंस दिसल्याशी मतलब. तो कुठल्या ओळीवर बसलाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. (पायथॉनवाले या भांडणात नसतात, कारण त्यांच्याकडे अटीला हे कंसच लागत नाहीत. पण त्यांचा हेवा करू नये. त्यांच्याकडे एक स्पेस कमी पडली तर गाडी जागची हलत नाही.)

कंस आटोपले की टॅब आणि स्पेस. या बाबतीत थोरामोठ्यांनी आपल्याला काही चांगलं वळण लावलेलं नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात सुरुवातीलाच सल्ला आहे, की ग्नू प्रकल्पाची नियमावली छापून घ्या, ती वाचू नका, जाळून टाका. हे अधिकृत दस्तऐवजात, प्रस्तावनेत. पुढे टॅब आठ अक्षरांचाच हवा असं बजावून, चार अक्षरांचा आग्रह धरणाऱ्यांची तुलना 'पाय'ची किंमत तीन ठरवू पाहणाऱ्यांशी केली आहे. इकडे पायथॉनची पेप-८ ही नियमावली २००१ची. ती म्हणते स्पेस, आणि त्याही चार. शिवाय एक ओळ ७९ अक्षरांपलीकडे जाता कामा नये. ऐंशीच्या या घराचं मूळ शोधत गेलं तर वाटेत जुने टर्मिनल लागतात आणि शेवटी आयबीएमचं १९२८ सालचं ऐंशी रकान्यांचं पंचकार्ड. टेबलावर दोन-दोन मॉनिटर लावून बसलेला मुलगा आजही शंभर वर्षांपूर्वीच्या पुठ्ठ्याच्या मापाने ओळ तोडतो आणि "क्लीन कोड" म्हणून वर दुसऱ्याला ऐकवतो.

याचा खरा रंग रिव्ह्यूत चढतो. बारा ओळींचा बदल रिव्ह्यूला टाका, पंचवीस कमेंट येतात. इथे एक स्पेस जास्त आहे. व्हेरिएबलचं पहिलं अक्षर कॅपिटल का? शेवटी रिकामी ओळ नाही. हेच नऊशे ओळींचा बदल टाका. अर्ध्या तासात अंगठा येतो आणि खाली चार अक्षरं, 'एलजीटीएम', म्हणजे लुक्स गुड टू मी. नऊशे ओळी माणसाने वाचल्या असत्या तर त्याला काहीही गुड वाटलं नसतं, हे टाकणाऱ्यालाही कळतं आणि अंगठा देणाऱ्यालाही. आणि गंमत म्हणजे त्या बारा ओळींतसुद्धा एक अट साफ उलटी लिहिलेली असते, ती पंचवीस कमेंटांतून सहीसलामत निसटते आणि थेट प्रॉडक्शनला पोचते.

म्हणजे कंस आणि मोकळी जागा हे सगळं थोतांडच, असं कोणी म्हणेल. तसं नाही. २०१४च्या फेब्रुवारीत ॲपलवर जी नामुष्की ओढवली ती याच जागेतून आली. आयफोन एखाद्या सुरक्षित संकेतस्थळाशी बोलू लागतो तेव्हा समोरचा खरोखर तोच आहे ना, याची सही तपासतो. त्या तपासणीच्या कोडमध्ये एकाखाली एक अटी होत्या. प्रत्येक अटीचा अर्थ असा, की या पायरीवर काही चुकलं तर 'फेल' नावाच्या जागी उडी मार. त्यातली एक अट साधारण अशी दिसत होती:

जर (या पायरीवर चूक आली)
    गोटू फेल;
    गोटू फेल;

तीच ओळ दोनदा. कंस नाहीत. डोळ्यांना वाटतं, दोन्ही ओळी आत सरकवल्या आहेत म्हणजे दोन्ही त्या 'जर'च्या ताब्यात आहेत. कंपायलरला आत सरकवलेलं दिसत नाही. कंस नसले की तो पहिली ओळ तेवढी 'जर'च्या पदरात घालतो. दुसरी ओळ मोकळी, म्हणजे चूक असो वा नसो, ती उडी मारणारच. त्यामुळे पुढची सगळ्यात महत्त्वाची तपासणी, खुद्द सहीची, कधी होतच नव्हती. आणि तोवर काही चुकलेलं नसल्यामुळे 'फेल' या जागी पोचूनही निकाल 'सगळं ठीक' असाच लागत होता. नाव फेल, निकाल पास! तुमच्या आणि बँकेच्या मध्ये बसून कोणीही बँकेचं सोंग आणू शकत होता. २१ फेब्रुवारीला आयफोनसाठी दुरुस्ती आली, मॅकवाले त्यानंतर चार दिवस जीव मुठीत धरून बसले.

माणूस समास बघून वाचतो, यंत्र कंस बघून वाचतं, आणि दोघांच्या वाचनात फरक पडला की त्या फटीतून चोर शिरतो. एवढ्यासाठी एका ओळीच्या अटीलाही कंस घालावेत, हा नियम मला पटतो. पुढे २०१६ साली जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत खास इशारा आला. समास एक सांगतोय आणि कंस दुसरंच, असं दिसलं की तो ओरडतो.

आता बघा, यंत्राला हे ओळखता येतं. ओळी आपोआप नीट लावून देणंही यंत्राला येतं. गूगलने २००९ साली जाहीर केलेल्या गो भाषेबरोबर गोफमट नावाचा एक फॉर्मॅटर येतो. तो तुमच्या कोडचे कंस, टॅब, मोकळी जागा सगळं स्वतःच्या मर्जीने लावून टाकतो आणि तुम्हाला कसं आवडेल हे विचारतसुद्धा नाही. पर्याय नाहीत, सेटिंग नाही, अपील नाही. ती शैली मनापासून कोणालाच आवडत नाही, पण गोफमट मात्र सगळ्यांना आवडतो, असं रॉब पाइक यांनी म्हणून ठेवलंय. ते गो भाषेच्या कर्त्यांपैकी एक, म्हणजे घरचाच आहेर. इतर भाषांनाही आता असे फॉर्मॅटर आहेत. फाइल सेव्ह केली की कंस जागच्या जागी.

तरीही ऑफिसांत कंसावरून भांडणं चालूच आहेत, याचं कारण उघड आहे. कंसावर मत द्यायला कोड समजावा लागत नाही. अटीवर मत द्यायचं तर आधी डोकं चालवावं लागतं, मग धंद्याचे नियम माहीत करून घ्यावे लागतात, आणि जेवणाची सुट्टी दीडला असते.

अटीत डोकं कुठे लागतं ते बघायचं तर एसटीच्या तिकिटासारखं उदाहरण नाही. नियम सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. पाच वर्षांखालचं पोर फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. पासष्टच्या वरच्या ज्येष्ठांना अर्धं. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना मोफत. आणि १७ मार्च २०२३पासून समस्त महिलांना अर्धं. कंडक्टर आधार कार्डाकडे एक नजर टाकतो, दुसरी माणसाकडे, आणि यंत्रातून तिकीट फाडून देतो. त्याला कोणी फ्लोचार्ट काढून दिलेला नसतो. आता हेच एका हुशार मुलाला कोडमध्ये लिहायला सांगा. सगळ्यात ताजी योजना डोक्यात असते, म्हणून तो तिच्यापासूनच सुरुवात करतो:

जर (महिला)                  अर्धं
नाहीतर जर (वय >= ७५)    मोफत
नाहीतर जर (वय >= ६५)    अर्धं
नाहीतर जर (वय < ५)       मोफत
नाहीतर जर (वय < १२)      अर्धं
नाहीतर                     पूर्ण

दिसायला देखणं आहे. ओळी एकाखाली एक, समास जागेवर, पंचवीस कमेंट टाकणाऱ्यालाही बोट ठेवायला जागा नाही. सगळे नियमही आलेत. आता स्वारगेटहून साताऱ्याच्या गाडीत एक कुटुंब बसवा. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आजी शहात्तरच्या, बरोबर तीन-तीन वर्षांची जुळी नातवंडं, एक मुलगा, एक मुलगी. आजोबा मोफत. नातू मोफत. आजींना अर्धं तिकीट, नातीलाही अर्धं. कारण आजींच्या बाबतीत पहिल्याच ओळीला 'महिला' हे उत्तर 'हो' आलं, तिकीट फाटलं, आणि वय विचारायची वेळच आली नाही. महिलांच्या सन्मानासाठी काढलेल्या योजनेतून कोडने महिला असण्याचा दंड वसूल केला. सातारा येईपर्यंत आजोबांची खिडकीकडे बघण्याशिवाय दुसरी गत नाही.

नियमात चूक नव्हती. चूक ओळींच्या क्रमात होती. 'नाहीतर'ची साखळी वरून खाली वाचली जाते आणि पहिल्या 'हो'ला थांबते, म्हणून ज्याला सगळ्यात जास्त मिळायचं त्याची चौकशी सगळ्यात आधी. मोफत कोण ते ठरवा, मग अर्धं कोणाला ते बघा, उरलेल्यांना पूर्ण:

जर (वय < ५ किंवा वय >= ७५)                       मोफत
नाहीतर जर (महिला किंवा वय < १२ किंवा वय >= ६५)   अर्धं
नाहीतर                                          पूर्ण

सहा ओळींच्या तीन झाल्या, आणि मुख्य म्हणजे त्या आगारातल्या माणसाला वाचून दाखवता येतात. तो लगेच मान डोलावेल किंवा "अहो, बारा पूर्ण झालेला पोरगा कुठे बसतो?" असं विचारेल. विचारलंच पाहिजे. "पाच ते बारा" म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात बारा आत असतो की बाहेर, हे त्यालाही ठाऊक नसतं. कोडला मात्र त्या टोकावर एक चिन्ह ठोकून द्यावं लागतं. वाढदिवसाच्या दिवशी प्रवास करणारी माणसं हीच या धंद्यातली खरी परीक्षा घेणारी.

याच तिकिटात आणखी एक खड्डा आहे. 'नाहीतर' लिहायचा कंटाळा केला आणि दोन सुट्या अटी लिहिल्या, लहान असेल तर भाडं निम्मं करा आणि महिला असेल तर भाडं निम्मं करा, की आठ वर्षांच्या मुलीला आधी लहान म्हणून निम्मं आणि मग महिला म्हणून त्याच्या निम्मं. पाव तिकीट. आईबाप तक्रार करणार नाहीत, त्यामुळे हा बग वर्षानुवर्षं सापडणार नाही. (सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, हे तर अजून लिहिलेलंच नाही. पणजीच्या गाडीचा विचार ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर करावा.)

काही लोकांना मात्र नकारापासून सुरुवात करायची खोड असते. त्यांना वाटतं, आधी पूर्ण तिकीटवाले वेगळे काढू, बाकीचे सवलतीत. पूर्ण कोणाला? जो महिला नाही किंवा ज्येष्ठ नाही त्याला. कानाला बरोबर वाटतं ना? आता तीस वर्षांची बाई आली. ती ज्येष्ठ नाही, द्या पूर्ण तिकीट. सत्तर वर्षांचे गृहस्थ आले. ते महिला नाहीत, द्या पूर्ण तिकीट. सवलत मिळाली फक्त म्हाताऱ्या बायकांना. तिथे 'आणि' हवं होतं. महिला नाही आणि ज्येष्ठही नाही, त्याला पूर्ण. नकार आत शिरला की 'किंवा'चं 'आणि' होतं आणि 'आणि'चं 'किंवा', हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. हा माणूस जन्मला आपल्या मदुराईत, १८०६ साली. तान्हेपणीच एक डोळा गमावून तो घरच्यांबरोबर इंग्लंडला गेला. पुढे दिल्लीच्या मास्तर रामचंद्रांचं गणिताचं पुस्तक डी मॉर्गन यांनीच १८५९ साली लंडनमध्ये प्रस्तावना लिहून पुन्हा छापवलं. एका डोळ्याच्या त्या माणसाला जे दिसलं, ते दोन डोळे आणि दोन मॉनिटर असूनही आपल्याला रिव्ह्यूत दिसत नाही.

नकाराच्या बाबतीत मराठी माणूस जात्याच जोखमीचा आहे. आपल्याला सरळ होकार जड जातो. एखाद्याचं काम अप्रतिम झालं तरी आपण "वाईट नाही" म्हणतो. लग्नाला येणार का, तर "येणार नाही असं नाही". हाच माणूस कोड लिहायला बसला की व्हेरिएबलला नाव देतो 'नॉट डिसेबल्ड', मग त्याच्यापुढे नकाराचं उद्गारचिन्ह लावतो आणि शेवटी ते सगळं 'फॉल्स'च्या बरोबर आहे का ते तपासतो. बंद नाही, असं नाही, हे खोटं आहे का? वाचणारा उभा राहून बोटं मोडत हिशेब करतो. 'चालू' असं नाव देऊन 'जर चालू' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मग ते फार सोपं दिसलं असतं, आणि अप्रेझलला सांगायला काही उरलं नसतं. या पंथाचे उलट टोकाचे लोकही आहेत. त्यांना होकारावर विश्वास नसतो, म्हणून ते 'जर चालू' न लिहिता 'जर चालू बरोबर खरं' लिहितात. पेप-८मध्ये हे करू नका म्हणून स्पष्ट सांगितलेलं आहे. पण ती तरी उघडतंय कोण!

मग येतात एकात एक अटी. युजर आहे का? असेल तर लॉगिन आहे का? असेल तर खातं चालू आहे का? असेल तर पैसे आहेत का? असतील तर... प्रत्येक 'जर'ला कोड उजवीकडे सरकत जातो आणि खरं काम जिथे होतं ती ओळ पार स्क्रीनच्या कडेला जाऊन टेकते. खाली बंद होणाऱ्या कंसांची रांग, आणि प्रत्येक 'नाहीतर' नक्की कोणाचा हे शोधायला बोट लावून वर जावं लागतं. टोरवाल्ड्स यांचा आठ अक्षरांचा टॅब इथे उपयोगी पडतो, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या पातळीलाच जागा संपते, आणि त्यांचं म्हणणं आहे, की तीन पातळ्यांच्या खाली जावं लागलं तर तुमचं आधीच वाटोळं झालंय, कोडच दुरुस्त करा.

दुरुस्ती कशी करायची हे पुण्यात राहणाऱ्याला शिकवावं लागू नये. पुणेरी पाटी म्हणजे तरी काय असतं? फाटकावरच लिहिलेलं असतं, विक्रेत्यांनी आत येऊ नये. पुढे दारावर, दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. त्याच्या खाली, जोशी वरच्या मजल्यावर राहतात, इथे चौकशी करू नये. ज्याला जिथून परत पाठवायचं त्याला तिथूनच परत पाठवलं जातं, बैठकीत नेऊन, चहा विचारून, मग "आपलं काय काम होतं?" असा प्रकार नाही. या सगळ्या पाट्या ओलांडून जो आत पोचला त्याच्याशी घरमालक मोकळेपणाने बोलू शकतात. कोडमध्ये याला गार्ड क्लॉज म्हणतात. युजर नाही? परत जा. लॉगिन नाही? परत जा. पैसे नाहीत? परत जा. सगळ्या ओळी डाव्या समासाला, आणि शेवटी खरं काम मोकळ्या जागेत. 'फंक्शनमधून बाहेर पडायची वाट एकच असावी' असं मानणारे काही ज्येष्ठ याला नाकं मुरडतात. त्यांनी एकदा सात पातळ्यांखालची अट फोनवर क्लायंटला समजावून सांगावी, मग बोलू.

चिन्हांचीही एक वेगळी जत्रा आहे. सी आणि तिच्या लेकीसुनांमध्ये बरोबरचं एक चिन्ह म्हणजे 'ही किंमत ठेव' आणि दोन चिन्हं म्हणजे 'ही किंमत आहे का?'. एका चिन्हाने प्रश्नाचं आज्ञेत रूपांतर होतं. नोव्हेंबर २००३मध्ये कोणीतरी याचा फायदा घेऊन लिनक्स कर्नलच्या एका मिरर प्रतीत दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता तिथे प्रश्न होता, की हा युजर क्रमांक शून्य आहे का? लिनक्समध्ये क्रमांक शून्य म्हणजे रूट, सगळ्या किल्ल्या हातात असलेला. पण चिन्ह एकच होतं. त्यामुळे विशिष्ट प्रकारे हाक मारणारा कोणीही येरागबाळा तिथल्या तिथे शून्य क्रमांकाचा होऊन जात होता. वर कंपायलरला शंका येऊ नये म्हणून त्याभोवती नीट कंसही घातले होते. कंसावरून भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की चोराचे कंस अगदी शिस्तीत होते. ही प्रत मूळ भांडाराशी जुळत नाही, असं तपासणीत दिसलं म्हणून प्रकरण उघडकीला आलं. कर्ता कोण ते जगाला कळलं नाही.

यावर काहींनी तोडगा काढला, की स्थिर किंमत आधी लिहायची, म्हणजे चुकून एकच चिन्ह पडलं तर कंपायलर अडवेल. शून्यात कोण काय ठेवणार? या पद्धतीला स्टार वॉर्समधल्या उलटं बोलणाऱ्या योडावरून 'योडा कंडिशन' म्हणतात, आणि वर्डप्रेसच्या पीएचपी नियमावलीत ती चक्क सक्तीची आहे. सुरक्षित असेल, पण वाचताना कसं वाटतं? 'पासष्ट जर आजोबांचं वय असेल तर.' एवढी कसरत करण्यापेक्षा कंपायलरचे इशारे चालू ठेवावेत आणि आले की वाचावेत. ते वाचण्याची प्रथा मात्र अजून रुजलेली नाही.

राहता राहिला तो बिचारा शेवटचा 'नाहीतर'. "तसं कधी होणारच नाही" म्हणून तो लिहिला जात नाही. मायक्रोसॉफ्टचा झून नावाचा गाणी ऐकायचा डबा होता. ३१ डिसेंबर २००८ला सकाळी त्याचं तीस जीबीचं मॉडेल जगभर एकदम गोठलं. २००८ लीप वर्ष, म्हणजे तो वर्षाचा ३६६वा दिवस. घड्याळाच्या कोडमध्ये लिहिलं होतं, की दिवसांचा आकडा ३६५च्या वर आहे तोवर फेरे घालत राहा; लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६हून जास्त असतील तर ३६६ वजा करा, वर्ष पुढे न्या. आणि दिवस बरोबर ३६६ असतील तर? त्याबद्दल कोडचं काहीच म्हणणं नव्हतं. वजा काही होईना, फेरे काही थांबेनात. कंपनीने सांगितलेला उपाय वाचून माझा या धंद्यावरचा विश्वास दृढ झाला. बॅटरी पूर्ण संपू द्या, आणि एक जानेवारीला दुपारी ग्रिनिचचे बारा वाजून गेल्यावर पुन्हा चार्जिंगला लावा. मोटारींच्या सॉफ्टवेअरसाठी १९९८ साली पहिल्यांदा निघालेल्या मिस्रा-सी या नियमावलीत 'नाहीतर जर'च्या साखळीला शेवटी 'नाहीतर' हवाच, असा नियम आहे. आपल्याला तो छळ वाटतो, कारण आपली गाडी अजून घाटात असताना गोठलेली नाही.

आता तर कोड लिहून द्यायलाही यंत्रं आली आहेत. त्यांचे कंस अचूक असतात, समास देखणा असतो, नावं शहाणी असतात, आणि आजींना अर्धं तिकीट तीही तितक्याच आत्मविश्वासाने फाडतात. म्हणून पंचवीस कमेंट टाकणाऱ्या तमाम बंधूभगिनींना विनंती आहे, की कंस आणि स्पेस फॉर्मॅटरच्या हवाली करा, ते त्याचं काम आहे आणि तो पगार मागत नाही. तुम्ही फक्त अटी वाचा. मनात नको, मोठ्याने, साध्या मराठीत, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला कळेल अशा. वाचताना श्वास पुरला नाही, किंवा तोच 'नाही' तिसऱ्यांदा आला, तर तो बदल परत पाठवा, मग टाकणारा कितीही ज्येष्ठ असो. माझ्याकडे आला तर मी परत पाठवणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.